खाली कोण होतं? – पोलंडवरील आक्रमणाचे जर्मन प्रचारपट आणि आपला वर्ग



आजचा लेख नेहमीपेक्षा थोडा वेगळा आहे, कारण त्याची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून होते.

सप्टेंबरमधला शनिवार होता. सातवीच्या मुलांनी आदल्या दिवशी विचारलं होतं, "बाई, दुसरं महायुद्ध म्हणजे काय झालं होतं?" लोकवर्गणीतून वर्गात मोठा टीव्ही आला आहे. मी घरी मोबाईलवर शोधलं, चार मिनिटांचा एक कृष्णधवल व्हिडिओ सापडला. 'खरी दृश्ये' असं त्यावर लिहिलेलं होतं. निवेदन जर्मन भाषेत होतं, ते मला कळलं नाही, पण म्हटलं चित्रं तर खरी आहेत, तेवढं पुरे. दुसऱ्या दिवशी वर्गात लावला.

विमानांच्या रांगा, ढगातून खाली झेपावणारं विमान, खाली धुराचे लोट, मग रणगाडे, हसणारे तरुण सैनिक, जोरदार बँड. मुलं एकदम ताठ बसली. व्हिडिओ संपला आणि टाळ्या पडल्या! "बाई, लई भारी! परत लावा की!" मधल्या सुट्टीत तीन-चार पोरं हात पसरून पटांगणात 'ढूम ढूम' करत पळत होती.

एका मुलीने मात्र जाता जाता विचारलं, "बाई, ज्याच्यावर बॉम्ब पडले ते गाव कुणाचं होतं? खाली कोण होतं?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचायला बसले, तेव्हा लक्षात आलं की मी मुलांना इतिहास दाखवला नव्हता. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी जर्मनीच्या प्रचारयंत्रणेने जो परिणाम घडवण्यासाठी ती दृश्यं रचली होती, नेमका तोच परिणाम मी माझ्या वर्गात घडवून आणला होता. टाळ्यांसकट.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे समजलं, ते आज तुमच्यासमोर मांडते आहे.

आधी घटना समजून घेऊ

१९३९ च्या ऑगस्ट महिन्यात हिटलरच्या जर्मनीने पोलंड या शेजारी देशावर हल्ला करायचं पक्कं केलं होतं. २३ ऑगस्टला जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांच्यात अनाक्रमणाचा करार झाला. त्याला एक गुप्त भागही जोडलेला होता. पोलंड आपसात कसा वाटून घ्यायचा, ते त्यात ठरलं होतं.

पण आपण आक्रमक आहोत असं स्वतःच्या जनतेला कोण सांगेल? म्हणून ३१ ऑगस्टच्या रात्री सीमेवरच्या ग्लायवित्झ गावात एक बनाव रचला गेला. तिथे जर्मनीचं रेडिओ केंद्र होतं. नाझी एसएस संघटनेची माणसं पोलिश हल्लेखोर असल्याचं सोंग करून तिथे घुसली आणि पोलिश भाषेत एक छोटा संदेश प्रसारित केला. 'पुरावा' म्हणून फ्रान्सिशेक होनिओक नावाच्या माणसाला आदल्या दिवशी पकडून आणलं होतं. त्याला मारून त्याचा देह तिथे टाकला. एका खोट्या बातमीसाठी एक खरा माणूस मेला.

१ सप्टेंबरच्या पहाटे पावणेपाचच्या सुमारास जर्मन युद्धनौकेने डान्झिगजवळच्या वेस्टरप्लाट या पोलिश ठाण्यावर तोफा डागल्या. त्याच पहाटे व्येलुन्य या छोट्या गावावर बॉम्ब पडले. तिथल्या रुग्णालयावरही पडले. त्या दिवशी हिटलरने संसदेत मात्र सांगितलं की पोलंडनेच आधी गोळीबार केला आणि पावणेसहापासून आम्ही फक्त उत्तर देत आहोत.

३ सप्टेंबरला ब्रिटन व फ्रान्सने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. (त्याच दिवशी व्हाइसरॉयने आपल्या नेत्यांना न विचारता भारतालाही युद्धात ओढलं, हे आपण स्वातंत्र्यलढ्याच्या पाठात शिकवतोच.) १७ सप्टेंबरला पूर्वेकडून रशियाचं सैन्य पोलंडमध्ये शिरलं. २८ सप्टेंबरला राजधानी वॉर्सा शरण आली. ५ ऑक्टोबरला हिटलरने वॉर्सात विजयी संचलनाची मानवंदना घेतली आणि ६ ऑक्टोबरला शेवटच्या पोलिश तुकडीने शस्त्रं खाली ठेवली.

पाच आठवड्यांची ही हकिगत. आता याचा सिनेमा कसा झाला ते पाहू.

दोन सिनेमे आणि त्यामागची यंत्रणा

१९४० च्या पहिल्या काही महिन्यांत जर्मनीत या मोहिमेवर दोन मोठे माहितीपट आले. पहिला 'फेल्डझुग इन पोलन', म्हणजे 'पोलंडमधील मोहीम'. दिग्दर्शक फ्रिट्झ हिप्लर. हा माणूस गोबेल्सच्या प्रचार मंत्रालयात चित्रपट विभागाचा प्रमुख होता. दुसरा 'फॉयरटाउफे', आपण त्याला 'अग्निदीक्षा' म्हणू. दिग्दर्शक हान्स बर्ट्राम, आणि विषय पोलंडवरची हवाई दलाची कामगिरी.

हे चित्रीकरण कुणी हौसेने केलेलं नव्हतं. जर्मन सैन्यात १९३८ पासून 'प्रचार कंपन्या' होत्या. त्यांत पत्रकार, छायाचित्रकार आणि कॅमेरामन असत. त्यांना सैनिकी प्रशिक्षण असे, ते सैन्याबरोबरच पुढे जात आणि चित्रित केलेलं सगळं बर्लिनला पाठवत. तिथे निवड, जोडणी, निवेदन आणि संगीत होई. म्हणजे कॅमेरा आघाडीवर होता, पण गोष्ट बर्लिनच्या टेबलावर लिहिली जात होती.

त्या काळी घरोघरी टीव्ही नव्हता. सिनेमागृह हेच हलती चित्रं पाहायचं ठिकाण. १९४२ मध्ये जर्मन सत्तेखालच्या प्रदेशात वर्षभरात शंभर कोटींच्या वर तिकिटं विकली गेली. खेड्यांत सिनेमाच्या फिरत्या गाड्या जात. आणि आपण शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे मुलांसाठी खास 'युवा चित्रपट तास' भरवले जात. त्या मुलांसमोरही कुणीतरी मोठं माणूस उभं राहून पडदा सुरू करत होतं, जसा मी माझ्या वर्गात केला.

चित्र खरं, मग खोटं कुठे शिरलं?

मला पडलेला मुख्य प्रश्न हाच. विमान खरं होतं, धूर खरा होता, सैनिक खरे होते. मग चुकलं कुठे? वाचत गेले तशी पाच ठिकाणं सापडली.

*१) गोष्ट कुठून सुरू केली?*

'पोलंडमधील मोहीम' सिनेमा १ सप्टेंबरच्या तोफांपासून सुरू होत नाही. तो आधी सांगतो की डान्झिग हे जुनं जर्मन शहर, पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर अन्याय झाला, पोलंडमध्ये राहणाऱ्या जर्मन लोकांचा छळ होतो आहे आणि या सगळ्याला इंग्लंडची फूस आहे. एवढं ऐकल्यावर हल्ला सुरू होतो, तेव्हा प्रेक्षकाला तो हल्ला वाटतच नाही, तो न्याय वाटतो.

यात एक बारीक गोम आहे. व्हर्सायच्या तहाबद्दल जर्मन माणसाच्या मनात खरोखरच राग होता. प्रचार कधीच शून्यातून सुरू होत नाही. लोकांच्या मनात असलेलं एखादं खरं दुखणं पकडतो आणि त्याच्यावर खोट्याचा मजला चढवतो. आपल्या वर्गात भांडण झालं की मुलं काय करतात आठवा. "बाई, यानं मला मारलं!" आणि आधी स्वतः काय केलं ते सांगायचंच नाही.

*२) कॅमेरा कुठे उभा आहे?*

'अग्निदीक्षा'मध्ये कॅमेरा बराच वेळ विमानात आहे. वरून दिसतं काय? ढग, नदी, रेषांसारखे रस्ते, ठिपक्यांसारखी घरं. बॉम्ब सुटतो, खाली धुराचं फूल उमलतं, आणि विमान वळतं. वरून पाहिलं की माणूस दिसत नाही. माझ्या मुलांनी टाळ्या का वाजवल्या ते मला इथे कळलं. मुलं वाईट नव्हती, त्यांना बसवलंच होतं विमानात! त्या मुलीने मात्र मनातल्या मनात कॅमेरा खाली आणला.

*३) नकाशा*

या सिनेमांत हलते नकाशे वारंवार येतात. काळे बाण पुढे सरकतात, शत्रूचा भाग वेढला जातो, गिळला जातो, नाहीसा होतो. सिगफ्रीड क्रॅकाउअर हे जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू लेखक. त्यांनी अमेरिकेत बसून १९४२ मध्ये या युद्धपटांचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला. या नकाशांकडे त्यांनी खास लक्ष वेधलं आहे. नकाशा दिसला की आपल्याला वाटतं ही माहिती आहे, हे शास्त्र आहे. पाणी उताराकडे वाहावं तसं जर्मन सैन्य पुढे जातंय, ते कुणी थांबवूच शकत नाही, असा ठसा उमटतो. बाणाला रक्त लागत नाही, ना दमणूक, ना भीती.

आपण भूगोलात नकाशा शिकवतो तेव्हा सूची, दिशा, प्रमाण शिकवतो. 'हा नकाशा कुणी काढला आणि कशासाठी?' हे विचारायला शिकवत नाही. मी तरी शिकवत नव्हते.

*४) आवाज आणि संगीत*

'अग्निदीक्षा'चं संगीत नॉर्बर्ट शुल्त्से यांचं. 'लिली मार्लीन' या प्रसिद्ध गाण्याची चाल बांधणारे हेच संगीतकार. निवेदकाचा आवाज ठाम, शंका न ठेवणारा. आणि तो काय सांगतो पाहा. पडद्यावर बेचिराख वॉर्सा दिसते आणि निवेदन ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन यांना जाब विचारतं, की हा विनाश तुमच्यामुळे झाला! बॉम्ब टाकणारे आम्ही, पण दोष तिसऱ्याचा. चित्र बंद करून फक्त निवेदन ऐका, किंवा आवाज बंद करून फक्त चित्र पाहा, म्हणजे दोन्ही किती वेगळ्या गोष्टी सांगतात ते कळतं. सिनेमाच्या शेवटाकडे हवाई दलप्रमुख गोरिंगचं भाषण आहे, आणि इंग्लंडच्या नकाशावर स्फोट होताना दाखवला आहे. म्हणजे हा सिनेमा झालेल्या युद्धाबद्दल कमी आणि पुढच्या युद्धाबद्दल जास्त होता.

*५) काय गाळलं?*

हे ओळखणं सगळ्यात अवघड, कारण जे पडद्यावर नाही ते दिसणार कसं? काही उदाहरणं देते.

या मोहिमेत जर्मनीचेही दहा हजारांच्या वर सैनिक मारले गेले. सिनेमात जर्मन सैनिकाचं मरण जवळजवळ दिसतच नाही. पोलंडचे साठ हजारांच्या वर सैनिक गेले, सामान्य नागरिक वेगळेच.

सिनेमाचा भर विमानं आणि रणगाडे यांवर आहे. प्रत्यक्षात जर्मन सैन्याचा मोठा भाग पायी चालत होता आणि तोफा, सामान घोडे ओढत होते. एका पायदळ डिव्हिजनमागे चार-पाच हजार घोडे असत. गंमत अशी की 'पोलिश घोडेस्वार भाले घेऊन रणगाड्यांवर धावून गेले' ही कथा जर्मन प्रचाराने जगभर पसरवली. मूळ घटना क्रोयांती गावाजवळची, १ सप्टेंबरची. पोलिश घोडदळाने जर्मन पायदळावर हल्ला चढवला, ते पायदळ पांगलं, मग जर्मन चिलखती गाड्या आल्या आणि त्यांच्या मशीनगनखाली घोडेस्वार पडले. नंतर पत्रकारांना तिथे नेलं गेलं, त्यांनी मेलेले घोडे आणि रणगाडे एकत्र पाहिले आणि गोष्ट तयार झाली. पराभूत माणूस शूर तर नाहीच, वर वेडाही ठरला. आजही अनेक ठिकाणी ही कथा खरी म्हणून सांगितली जाते.

आणि सगळ्यात मोठी गाळलेली गोष्ट म्हणजे ग्लायवित्झचा बनाव आणि रशियाबरोबरची गुप्त वाटणी. ती पडद्यावर येणं शक्यच नव्हतं.

जमिनीवरचा कॅमेरा

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. खाली कोण होतं, याचं उत्तर देणारा एक कॅमेरा त्याच वेळी वॉर्सात होता. ज्युलिएन ब्रायन हे अमेरिकन छायाचित्रकार ७ सप्टेंबरला, म्हणजे बाकीचे परदेशी लोक शहर सोडून जात असताना, वॉर्सात पोहोचले. महापौर स्टेफान स्टार्झिन्स्की यांनी त्यांना गाडी, वाटाड्या आणि दुभाषा दिला. जगाला हे कळलं पाहिजे, एवढाच हेतू. (या महापौरांना पुढे जर्मनांनी अटक करून ठार मारलं.)

ब्रायन यांनी जमिनीवर उभं राहून चित्रण केलं. भाकरीसाठी, म्हणजे तिथल्या पावासाठी, लागलेल्या रांगा. बॉम्ब पडलेलं रुग्णालय. पडलेल्या घरासमोर बसलेली माणसं. शेतात बटाटे खणायला गेलेल्या बायकांवर जर्मन विमानांनी खाली येऊन गोळ्या झाडल्या. त्यांतल्या एका मृत तरुणीजवळ तिची धाकटी बहीण बसली आहे आणि तिला मरण म्हणजे काय हेच कळत नाहीये, असं त्यांचं एक छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. परदेशी नागरिकांना बाहेर पडायला युद्ध थोडं थांबलं तेव्हा, २१ सप्टेंबरला, ते आपल्या चित्रफिती घेऊन निघाले. १९४० मध्ये त्यांचा सुमारे दहा मिनिटांचा 'सीज', म्हणजे 'वेढा', हा माहितीपट अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं.

तेच शहर, तेच दिवस, तीच विमानं. एक कॅमेरा वर, एक खाली.

सिनेमा शस्त्र म्हणून, आणि त्याची मर्यादा

५ एप्रिल १९४० रोजी ओस्लो इथल्या जर्मन वकिलातीने नॉर्वेतल्या बड्या मंडळींना एका चित्रपटासाठी बोलावलं. दाखवला तो पोलंडवरच्या बॉम्बफेकीचा सिनेमा. चारच दिवसांनी, ९ एप्रिलला, जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला. पाहुण्यांना बोलावून 'विरोध केलात तर असं होईल' हे सांगण्याची ती पद्धत होती.

पण याच सिनेमाबद्दलची दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. जर्मन सरकार आपल्याच प्रेक्षकांची मतं गुप्तपणे गोळा करत असे. 'अग्निदीक्षा' पाहून आलेल्या प्रेक्षकांबद्दल अशी नोंद झाली की अनेक स्त्रियांना उद्ध्वस्त वॉर्सा पाहून अभिमान वाटायच्या ऐवजी पोलिश लोकांची कणव आली, मन उदास झालं. एवढं संगीत, एवढे नकाशे, एवढा ठाम आवाज, तरी काही बायकांना घर पडलेलं दिसलंच!

म्हणजे प्रचार सर्वशक्तिमान नसतो. प्रश्न विचारणारा एक कोपरा माणसाच्या मनात असतो. तो जिवंत ठेवणं हे आपलं काम आहे.

आणि हेही प्रांजळपणे सांगायला हवं की प्रचार फक्त जर्मनीने केला असं नाही. अमेरिकेत फ्रँक काप्रा यांनी सैनिकांसाठी 'आपण का लढतो' ही माहितीपटांची मालिका केली. त्यातल्या १९४३ च्या एका भागात पोलंडवरचं आक्रमण आहे, आणि त्यात जर्मनांनीच चित्रित केलेली दृश्यं वापरली आहेत. फक्त निवेदन बदललं. जे जर्मन प्रेक्षकाला पराक्रम म्हणून दाखवलं, तेच अमेरिकन सैनिकाला क्रौर्य म्हणून दाखवलं. आपल्याकडेही ब्रिटिश सरकारने १९४० मध्ये मुंबईत 'फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड' स्थापन केलं, युद्धाला पाठिंबा मिळवणारे लघुपट काढण्यासाठी. व्ही. शांताराम यांनीही काही काळ तिथे काम केलं होतं. मात्र सगळेच सारखे, असं म्हणून हात झटकता येत नाहीत. कुणी कुणावर हल्ला केला हे तपासता येतं, आणि ते तपासलंच पाहिजे. हिप्लरचंच उदाहरण घ्या. पोलंडच्या सिनेमानंतर त्याच वर्षी त्याने ज्यू लोकांविरुद्ध अत्यंत विषारी माहितीपट काढला, आणि त्यासाठी जिंकलेल्या पोलंडमधल्याच गरीब ज्यू वस्त्यांत चित्रीकरण केलं होतं. लोकांना माणूस न समजण्याची सवय लावली की पुढे काय होतं, ते जगाने पाहिलं.

कोल्हापूरजवळचं पोलंड

हा विषय आपल्यापासून फार दूरचा वाटतो ना? मलाही वाटत होता. पण कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ पासून १९४८ पर्यंत पोलिश निर्वासितांची मोठी वसाहत होती. सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं.

ही माणसं कोण? १७ सप्टेंबर १९३९ ला रशियाने घेतलेल्या पूर्व पोलंडमधून ज्यांना पुढच्या दोन वर्षांत सायबेरिया-कझाकस्तानकडे हाकललं गेलं, त्यांतली ती होती. तिथून इराणमार्गे ती भारतात आली. जर्मन सिनेमाने दाखवलेल्या 'झटपट विजया'चा जो अर्धा भाग पडद्याबाहेर राहिला, तो चालत चालत आपल्या पंचगंगेपर्यंत पोहोचला होता. हे सांगितल्यावर माझा वर्ग पहिल्यांदा गप्प झाला. एकाने विचारलं, "मग ती पोरं मराठी शिकली का?"

वर्गात कसं घ्यावं?

मी चूक सुधारण्यासाठी जे केलं ते थोडक्यात देते. यात युद्धाचं एकही दृश्य लागत नाही.

१. शालेय पोषण आहाराच्या रांगेचा एक मिनिटाचा व्हिडिओ मोबाईलवर काढला, आणि आवाज बंद करून दाखवला.

२. वर्गाचे तीन गट केले. पहिल्या गटाने 'आमची शाळा किती शिस्तीची' या अंगाने निवेदन लिहायचं. दुसऱ्याने 'मुलांचे किती हाल' या अंगाने लिहायचं. तिसऱ्याने फक्त 'या चित्रात काय नाही' याची यादी करायची.

३. पहिल्या दोन गटांनी आपापलं निवेदन व्हिडिओबरोबर वाचलं. पहिल्याने ताट वाजवून बँडही दिला! चित्र तेच, पण एकदा अभिमान वाटला आणि एकदा दया आली. वर्ग हसून हसून बेजार.

४. मग तिसऱ्या गटाची यादी वाचली. "बाई, यात स्वयंपाकाच्या मावशी कुठंच नाहीत. पहाटेपासून राबतात त्या." सगळ्या तासाचं सार त्या एका वाक्यात आलं.

५. त्यानंतर फळ्यावर पाच प्रश्न लिहिले. ते आता कायमचे भिंतीवर लावले आहेत:

- गोष्ट कुठून सुरू केली? त्याच्या आधी काय झालं होतं?
- कॅमेरा कुठे उभा आहे? कुणाच्या बाजूला?
- आवाज बंद केला तर काय दिसतं?
- यात कोण दिसत नाही?
- हे कुणी बनवलं, आणि मी काय करावं असं त्याला वाटतं?

शेवटी त्या शनिवारच्या व्हिडिओबद्दल मुलांना खरं ते सांगितलं. "मी तुम्हाला तो न समजता दाखवला, ती माझी चूक झाली." मुलं क्षणभर बघत राहिली. बाईंचंही चुकतं, हे त्यांना त्या दिवशी युद्धापेक्षा मोठं नवल वाटलं असावं.

एक सावधगिरी

असे जुने प्रचारपट इंटरनेटवर सहज मिळतात. जर्मनीत आजही नाझी काळातले चाळीसहून अधिक चित्रपट असे आहेत की ते नुसते लावता येत नाहीत. आधी जाणकाराचं प्रास्ताविक आणि नंतर चर्चा, या अटीवरच दाखवले जातात. मोठ्या माणसांसाठी ही काळजी, मग आपल्यासमोर तर बारा वर्षांची मुलं आहेत. निवेदनाची भाषा कळत नसेल तर तो व्हिडिओ वर्गात लावू नये, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. आणि मृतदेहांची छायाचित्रंही या वयात दाखवू नयेत. तोंडी सांगितलेलं पुरतं.

पालकांसाठी दोन शब्द

आपली मुलं मोबाईलवर रोज लढायांचे, विमानांचे, स्फोटांचे छोटे छोटे व्हिडिओ बघतात. वर दणदणीत गाणं असतं. ते खरं आहे की गेममधलं, हेही अनेकदा कळत नाही. मोबाईल हिसकावून घेतला तर मूल लपून बघेल. त्यापेक्षा कधीतरी शेजारी बसा आणि सहज विचारा, "जरा आवाज बंद कर बरं. आता काय दिसतंय?" मग विचारा, "खाली कोण असेल रे?" उत्तर लगेच नाही आलं तरी चालेल. प्रश्न मनात राहतो.

त्या मुलीला मी नंतर उत्तर दिलं. म्हटलं, "खाली बटाटे खणणाऱ्या बायका होत्या. पावाच्या रांगेत उभी माणसं होती. तुझ्याएवढ्या मुली होत्या." तिने मान हलवली आणि म्हणाली, "मला वाटलंच होतं."

शिक्षक मित्र-मैत्रिणींनो, हा उपक्रम आपल्या वर्गात जरूर करून बघा. पोषण आहाराच्या रांगेऐवजी कबड्डीचा सामना, गावचा बाजार, एसटी स्टँड, काहीही चालेल. मुलांनी 'काय नाही' या यादीत काय लिहिलं, ते मला नक्की कळवा. मला त्या याद्या वाचायला आवडतील.